पाठीवरचा वेताळ

दिवाळीत आमच्या जालन्याच्या घरी चकलीच्या वासाबरोबर नातवंडांचा गलका शिरतो. गेल्या वर्षी भाऊबिजेच्या दुपारी फराळाची ताटे उचलली गेल्यावर धाकटा नातू माझ्या आरामखुर्चीच्या हातावर येऊन बसला. हातात कसलेसे परदेशी चित्रकथेचे गुळगुळीत पुस्तक. "आजोबा, एक झकास गोष्ट सांगतो," म्हणाला, आणि मी होय-नाही म्हणायच्या आत सुरूही झाला.

गोष्ट अशी : एक भुरटा चोर असतो. एका रात्री आभाळातून कोसळलेले परग्रहावरचे काळे, चिकट जनावर त्याच्या पाठीला चिकटते आणि हळूहळू रक्तात मुरते. ते ओरबाडून काढावे तर चोराचाच प्राण जायचा. पोलीस दोघांनाही पकडतात आणि म्हणतात, "तुरुंगात सडायचे नसेल तर आमचा खबऱ्या हो." मग हा चोर आपल्याच टोळीत वावरतो, एकेकाचे नाव आणून देतो, कुचराई केली की पाठीवरचे जनावर आवळते. अखेर सगळी टोळी गजाआड होते, पोलिसांचा जयजयकार होतो आणि पुस्तक संपते.

नातवाने पुस्तक मिटले. पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "आजोबा, ते जनावर शेवटी त्याच्या पाठीवरून उतरते की नाही, ते यात सांगितलेच नाही हो."

मी चाळीस वर्षे फौजदारी वकिली केली. कोर्टात भल्याभल्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. या आठ वर्षांच्या पोराच्या प्रश्नापुढे मात्र मी गप्प बसलो. "रात्री सांगतो, बाळ," म्हणून वेळ मारून नेली. ती रात्र गेली, वर्षही गेले. संपादकांनी या अंकासाठी काही हलकेफुलके मागितले होते. त्यांची क्षमा मागून मी नातवाचे थकलेले उत्तर इथे चुकते करणार आहे. ते गोड नाही. पण अभ्यंगस्नानाआधी आपण पायाखाली कडू कारीट फोडतोच की!

वाचकहो, परग्रह कशाला हवा? ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. वेताळपंचविशी आपण सर्वांनी लहानपणी ऐकली. विक्रम राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी राजाला कोड्यात धरतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकले होतील. आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर! राजा बोलतो, वेताळ उडतो, पुन्हा पहिल्यापासून पायपीट सुरू. राजा पराक्रमी होता, त्याची पंचविशीत सुटका झाली. आमच्याकडच्या खबऱ्याच्या पाठीवर बसणाऱ्या वेताळाची पंचविशी संपत नाही. गप्प बसला तर डोके फुटते. बोलला तर उद्या पुन्हा बोलावे लागते.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते आधीच उघड सांगून टाकतो : माणसाच्या मानेवर खटल्याची टांगती तलवार ठेवून त्याला खबऱ्या करणे ही न्यायाची सेवा नाही. त्याने गुन्हा संपत नाही, गुन्ह्याला सरकारी आसरा मिळतो. शिवाय अशा खबऱ्याची बातमी भरवशाची नसते. कारण खरे बोलणे हे त्याचे काम नसतेच, त्याचे काम असते नाव देणे.

हे मी पुस्तके वाचून सांगत नाही. साल सांगत नाही, गाव सांगत नाही, ठाणे सांगत नाही. त्या माणसाचे नाव तर मुळीच सांगत नाही. तो पारधी समाजातला विशी-बाविशीचा पोरगा होता. विहिरीवरची मोटर चोरल्याच्या आरोपात सापडला. मी त्याचा वकील. तरी आज सांगतो, मोटर त्याने चोरली होती. एका अधिकाऱ्याने मला व्हरांड्यात बाजूला घेतले. माणूस बोलायला गोड होता. म्हणाला, "वकीलसाहेब, पोराला समजवा. आमच्या कामी आला तर त्याचेही भले, तुमचाही त्रास वाचेल." मी आत गेलो आणि त्या पोराला म्हणालो, "बाबा, साहेबांचे ऐक. सुटशील."

हे वाक्य माझे आहे. ते कुणा हवालदाराच्या माथी मारून मला मोकळे होता येत नाही.

जामीन झाला. खटला मात्र मिटला नाही; तारखांच्या खुंटीवर टांगून राहिला. महिन्यातून एकदा तो बोलावला जाई. पहिले नाव त्याने दिले ते खरे होते. दुसरेही खरे. तिसरे अर्धे खरे. चौथ्या खेपेला त्याच्याजवळ नावच उरले नाही. चोरांची खाण काय त्याच्या झोपडीखाली होती? पण नाव तर द्यायचेच होते. नाहीतर मोटरीच्या जोडीला आणखी दोन चोऱ्या त्याच्या नावावर चढणार, असे त्याला बजावले होते. त्याने दाजीचे नाव दिले. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचे. दाजी सात महिने कच्च्या कैदेत राहिला आणि निर्दोष सुटला. सुटून आला तेव्हा बायको माहेरी आणि शेरडे विकलेली. नाव कोणी दिले हे वस्तीला कळायला वेळ लागला नाही. पंचांनी त्या पोराला वाळीत टाकले. ज्यांच्यासाठी त्याने हे केले त्यांनीही त्याला खुर्ची दिली नाही. उंबऱ्याबाहेरच उभा ठेवला.

आणि मोटरीचा खटला? तो सहा वर्षांनी निकाली निघाला. शिक्षा झाली चार महिन्यांची. पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल करून मोकळा झाला असता तर चार महिन्यांत तो माणसांत परत येता. मी त्याला शहाणपणा शिकवला आणि त्याची सहा वर्षे, बहीण आणि वस्ती अशा तीन गोष्टी गेल्या.

नरकचतुर्दशीच्या पहाटे तो माझ्या फाटकाशी आला. घरात उटण्याचा वास, अंगणात पणत्या. मी समजलो, पैसे मागायला आला असेल. त्याने काही मागितले नाही. बराच वेळ पणत्यांकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही म्हणला होता, सुटशील." एवढेच बोलून निघून गेला. तेव्हापासून माझ्या घरी नरकासुर दरवर्षी मरतो. पण मला काही तो मेल्यासारखा वाटत नाही.

कोणी म्हणेल, एका पोराच्या कहाणीवरून साऱ्या व्यवस्थेला दोष कशाला? तर मग इतिहास पाहू. या पद्धतीचा वंशवृक्ष मोठा भारदस्त आहे. ठगांचा बीमोड केला म्हणून ज्याचे नाव शाळेतही ऐकवतात त्या विल्यम स्लीमनचे मुख्य शस्त्र कोणते होते? तलवार नव्हे, तोफ नव्हे, माफीचा साक्षीदार. १८३० साली फिरंगिया नावाचा ठगांचा नामांकित जमादार स्लीमनच्या हाती लागला. लागला कसा? स्लीमनने त्याची आई, बायको आणि मूल आधीच ताब्यात घेतले होते. त्यांना सोडून तो दूर जाणार नाही हे त्याला ठाऊक होते. फिरंगियापुढे फास आणि जीभ असे दोनच पर्याय होते. त्याने जीभ निवडली. आमराईत पुरलेली प्रेते त्याने उकरून दाखवली आणि मग एकाने दहांची, दहांनी शंभरांची नावे देण्याचा क्रम सुरू झाला. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप ठरवली. आणि टोळीत कोण होते हे सांगणारा बहुतेक वेळा दुसरा ठगच!

ठग निरपराध होते, असे मी म्हणत नाही. वाटसरूंचे गळे आवळले जात होते आणि ते थांबवणे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच होते. पण ज्याचा स्वतःचा गळा फासात आहे त्याने दाखवलेल्या प्रत्येक माणसाचा गळा फासायोग्य होता, हे कशावरून? इतिहासकार आजही यावर भांडत आहेत. आणि भांडण मिटत नाही याचे कारण हेच की पुराव्याचा मोठा भाग सक्तीने वळवलेल्या जिभांवरून आलेला आहे.

आणि या साक्षीदारांचे पुढे काय झाले? नातवाचाच प्रश्न : जनावर उतरले का? नाही उतरले. फास चुकला, पण सुटका झाली नाही. जबलपूरला त्यांना जन्मभर ठेवले, तंबू आणि गालिचे विणायला लावले आणि त्यांची पोरेही तिथेच वाढली. निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने १८३९ साली एका ठगाचा कबुलीजबाब कादंबरीच्या रूपाने प्रसिद्ध केला. तिचा नायक अमीर अली असाच माफीचा साक्षीदार आहे. तो साहेबापुढे बसून आपल्या खुनांच्या कहाण्या सांगत राहतो, साहेब ऐकत राहतो. इंग्लंडच्या वाचकांनी ती आवडीने वाचली. पाठीवर वेताळ घेऊन गोष्टी सांगणारा हा माणूस आमच्याच मुलखाच्या मातीतून उचललेला होता, ही गोष्ट मात्र आम्ही विसरलो.

पुढची पायरी १८७१ ची. त्या साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. हजेरी, परवाना, रात्री-अपरात्री झडती. गावच्या पाटलावर आणि चौकीदारावर या लोकांच्या हालचालींची बातमी देण्याची सक्ती. म्हणजे एका बाजूला जन्मखुणेसारखा चिकटलेला गुन्हा, आणि दुसऱ्या बाजूला साऱ्या गावाला लावलेली चहाडीची सवय! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस या जमाती विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जमातीच्या जागी व्यक्ती आली, हे खरे. तरी गावात चोरी झाली की पहिली जीप कोणत्या वस्तीकडे वळते, हे तुम्हीही जाणता आणि मीही जाणतो. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून पुस्तक कपाटात ठेवले. जीप मात्र त्याच रस्त्याने जाते आहे.

खबऱ्या नेमका याच वस्तीतून उचलला जातो. बँक बुडवणाऱ्या शेठजींना, "साहेब, आमच्या कामी या," असे म्हणत लॉकअपच्या कोपऱ्यात कोणी बसवल्याचे मी माझ्या चाळीस वर्षांत पाहिले नाही. त्यांच्याकडे चांगला वकील असतो. पारध्याच्या पोराकडे माझ्यासारखा असतो.

आता कायद्याकडे वळू. कारण कायदा या बाबतीत आपल्या वर्तनापेक्षा पुष्कळ शहाणा आहे. माफीचा साक्षीदार कायद्याला माहीत आहे. दंडाधिकारी त्याला माफी देऊ करताना कारणे लिहून ठेवतो. साक्षीदार भर कोर्टात पिंजऱ्यात उभा राहतो, आरोपीचा वकील त्याला उलटासुलटा करतो. १९४८ साली लाल किल्ल्यातल्या गांधीहत्येच्या खटल्यात दिगंबर बडगे असाच उभा राहिला आणि त्याचा शब्द न् शब्द चाळणीतून गेला. साथीदाराची साक्ष चालते. पण तिला दुसरीकडून दुजोरा हवा, ही जाण १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातच होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सरवणसिंगाच्या खटल्यात दुहेरी कसोटी सांगितली : आधी साक्षीदार विश्वासार्ह हवा, आणि मग त्याच्या सांगण्याला स्वतंत्र आधारही हवा. १ जुलै २०२४ पासून कायद्यांची नावे बदलली. माफीच्या साक्षीदाराची ही व्यवस्था बदलली नाही.

खबऱ्याचे मात्र सगळेच निराळे. त्याला दंडाधिकारी पाहत नाही, वकील पाहत नाही, कागद तर पाहतच नाही. बातमी कोठून आली हे सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नाही, असे कायदाच म्हणतो. हे कलम चांगल्या हेतूने आले. खबऱ्याचा जीव वाचावा म्हणून आले. पण जो पडदा खबऱ्याला लपवतो तोच पडदा त्याला दिलेली धमकीही लपवतो. पडद्याआड नाव खरे सांगितले की भीतीने सांगितले, कोणी तपासायचे?

आणखी एक गंमत पाहा. गंमत कसली, शोकांतिकाच. आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने आरोपीला केवढे मोठे अभय दिले आहे! त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. २०१० साली सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को चाचणीची सक्ती याच आधारावर अमान्य केली. उत्तम झाले. पण त्याच माणसाला व्हरांड्यात नेऊन, "तुझे नको बोलूस, तुझ्या दाजीचे बोल," म्हटले तर कोणते कलम आडवे येते? स्वतःच्या गळ्याला घटनेचे कवच आणि शेजाऱ्याच्या गळ्याला काहीच नाही, अशी ही फट आहे. वेताळ या फटीतून आत येतो.

"पण वकीलसाहेब," आमचे एक निवृत्त पोलीस स्नेही मला नेहमी म्हणतात, "तुम्ही काळ्या कोटात बसून बोलता. खबऱ्याशिवाय तपास होतो का? चोराची वाट चोरालाच माहीत." हा आक्षेप खोटा नाही, म्हणून त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. जो स्वेच्छेने बातमी आणतो, मग तो साधू असो की चोर, त्याची बातमी पोलिसांनी जरूर घ्यावी आणि बक्षीसही द्यावे. माझा वाद सक्तीशी आहे. आणि सक्तीच्या बातमीची किंमत किती, याचा दाखला आमच्या जिल्ह्यातच पडलेला आहे.

भोकरदनजवळचे असई तुम्ही ऐकले असेल. २१ सप्टेंबर १८०३ रोजी बदनापूरला दोन इंग्रज सेनानी भेटले आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून जायचे ठरले. वेलस्लीच्या हरकाऱ्यांनी खबर आणली : फौज भोकरदनला आहे. भोकरदन हे गावाचेही नाव आणि परगण्याचेही. वेलस्ली गाव समजून चालला. २३ तारखेला मराठ्यांची अफाट फौज अपेक्षेच्या कितीतरी अलीकडे, खेळणा नदीपलीकडे उभी दिसली. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही. त्याने दुर्बीण लावली. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. समोरासमोर गावे आहेत त्या अर्थी मधे उतार असणारच, हे त्याने ताडले, आणि उतार निघाला. त्या दिवशी मराठ्यांचा पराभव झाला. दोनशेहून अधिक वर्षांनीही त्याची कळ जात नाही. पण धडा शत्रूचा असला तरी शिकावा. परमुलखातल्या सेनापतीला जे भाडोत्री तोंडांनी सांगितले नाही ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी आणि डोक्याने दाखवले. तपास म्हणजे तो : डोळे आणि डोके. ठसे पाहा, हिशेब पाहा, पायवाट पाहा. खबऱ्या हा आळशी तपासाचा पाट आहे. त्यावर बसले की उठवत नाही.

हरकारे निदान पगारी होते. सक्तीच्या खबऱ्याची गोष्ट त्याहून घातक; तिचे मोल मुंबईने मोजले आहे. डेव्हिड हेडली हे नाव कोण विसरेल? हा हेरॉइनचा चोरटा व्यापारी. १९८८ साली पकडला गेला, साथीदारांची नावे दिली, शिक्षा कमी झाली. १९९७ साली पुन्हा पकडला गेला. पुन्हा तोच सौदा, आणि तो अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या बनला. खात्याला वाटले, जनावर आपण पाळले. २००२ पासून हा गृहस्थ लष्कर-ए-तोयबाच्या शिबिरांत शिकत होता. २००६ ते २००८ या काळात तो पाच वेळा मुंबईला आला, हॉटेले पाहिली, समुद्रकिनारा पाहिला, चित्रे घेतली. २६ नोव्हेंबर २००८ ला काय झाले ते सांगायला नको. १६६ माणसे गेली. २००९ साली पकडला गेल्यावर त्याने काय केले? तोच जुना सौदा! गुन्हा कबूल केला, माहिती देतो म्हणाला, आणि फाशीही टळली, भारताच्या हवाली होणेही टळले. २०१३ साली ३५ वर्षांची कैद झाली. २०१५ साली मुंबईच्या न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केले आणि २०१६ साली तो सातासमुद्रापलीकडून पडद्यावर साक्ष देऊन गेला. ज्याला नाव विकून सुटायची चटक लागली त्याला गुन्ह्याची भीती उरत नाही. विकायला नाव आहे तोवर तो निर्धास्त.

म्हणजे पाहा, सौदा एकच, पण दोन माणसांचे दोन निकाल. जो धूर्त आहे तो या सौद्यावर स्वार होतो. जो दुबळा आहे त्याच्या पाठीवर सौदा स्वार होतो. हेडली सौद्यामागून सौदा करीत गेला आणि आमचा पारध्याचा पोरगा पहिल्याच सौद्यात बुडाला. दोन्हीकडे न्यायाचा तोटाच.

दिवाळीत रामाची आठवण निघते, तेव्हा बिभीषणाबद्दलही बोलू. लोक त्याला घरभेद्या म्हणतात. मला ते पटत नाही. बिभीषणाने आधी भर सभेत रावणाला तोंडावर सुनावले, लाथ खाल्ली आणि उघड्या आकाशातून रामाकडे गेला. त्याच्या मानेवर कोणी सुरी ठेवली नव्हती. रामाने त्याला शरण आलेला म्हणून घेतले, सौदा म्हणून नाही. सुग्रीवाने बिभीषणाच्या बायकापोरांना धरून आणून त्याला बोलते केले असते, तर रामायणाला आपण देवघरात ठेवले असते का? आपल्या मुलांना आपण बिभीषण आणि फिरंगिया यांतला फरक शिकवला पाहिजे. एक विवेकाने बोलला, दुसरा वेदनेने.

मग करावे काय? नुसता त्रागा करून उठणे वकिलाला शोभत नाही. माझी मागणी चार कलमांची आहे. ज्याच्यावर खटला चालू आहे अशा कोणालाही दंडाधिकाऱ्याच्या मोहोरबंद नोंदीवाचून खबऱ्या करू नये. सौदा ठरताना त्याचा वकील हजर असावा, आणि वकिलाने माझ्यासारखे 'सुटशील' असे मोघम न बोलता सुटण्याची तारीख कागदावर मागावी. त्या तारखेनंतर बोलावणे बंद, आणि खटल्याचाही निकाल. अशा खबऱ्याच्या नुसत्या शब्दावर कोणालाही अटक होऊ नये. आणि शेवटचे : त्याच्या जिवाची हमी सरकारने घ्यावी. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. पण ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही त्याच्यापर्यंत तिचा हात पोचणार कसा?

"असे केले तर खबऱ्या मिळणार नाहीत," असे माझे पोलीस स्नेही म्हणतील. न मिळोत! जे काम उजेडात करता येत नाही म्हणून बंद पडते, ते बंद पडण्याच्याच लायकीचे होते.

यंदा नातू पुन्हा आला आहे. पुस्तक दुसरे आहे, पण प्रश्न तो विसरलेला नाही. मी त्याला जवळ घेऊन सांगितले, "बाळ, ते जनावर आपोआप उतरत नाही. ज्याने ते बसवले त्यालाच ते उतरवावे लागते." तो थोडा विचारात पडला आणि म्हणाला, "मग कोणी बसवले होते, आजोबा?"

मी गेल्या वर्षी गप्प बसलो होतो. या वर्षी म्हणालो, "त्यातला एक हात माझा होता."

उद्या नरकचतुर्दशी. पहाटे फाटक उघडे ठेवणार आहे. तो येईल असे नाही. आता तो कुठे असतो तेही मला ठाऊक नाही. पण आला तर या वेळी फाटकाशी उभा राहणार नाही. पाटावर बसेल, उटणे लावील, फराळ करील. आणि कोणाचेही नाव न सांगता उठून जाईल.